देवीला बँड आवडला

जुनं वाजवणं भारी का नवं, हे माझ्यापुढं काढूच नका. आणीबाणीच्या आदल्या वर्षी पिंपळगावला रेणुकेच्या जत्रेत जालन्याचा बँड आल्ता. लाल कोट, सिनेमाची गाणी. सारं गाव त्यांच्या मागं. मी गोंधळाचा संबळवाला, एका कडेला जळत राह्यलो.

म्हणलं, “वाजवा लेको! देवी अंगात येती ती फक्त माझ्या संबळावर.”

तेवढ्यात बायांत गलका झाला. सिनेमाच्या गाण्यावर देवी आली, अन् आली ती माझ्याच बायकोच्या अंगात! मी पळत जाऊन संबळ बडवला.

एरवी माझ्यापुढं तोंड न उघडणारी बाई डोळे वटारून म्हणाली, “गप बस, गोंधळ्या! गाणं ऐकू दे.”

सगळ्यांनी हात जोडले. मंग मलाबी जोडावे लागले.