बिनरंगाची लादी

हॅलो?… हो, ताईच बोलतेय… रडायचं नंतर. आधी सांग, जावईबापूंना यात मिळणार काय होतं?… अगं, शिवी कुठे दिली? हिशेब विचारतेय… फटफटीचा हप्ता. बरं. आणि सरबतवाल्यांकडून 'शेठ, शेठ' म्हणवून घ्यायला मिळालं, तेही धर जमेला.

काय? बर्फ तो बर्फ? हे मला शिकवतेस? बर्फाचा कारखाना मी चालवते, बाई!… त्याने विकली ती लादी दुसऱ्या कारखान्यांतली यंत्रं थंड करायला असते. तिच्या पाण्यात गंज धरू नये म्हणून रसायन असतं… विषच, मग काय गुलाबपाणी? म्हणून तर तिच्यात निळा रंग टाकायचा. शेंबड्या पोरालाही कळावं, ही तोंडात घालायची नाही. आणि मी देखरेखीला ठेवलेल्या तुझ्या नवऱ्याने रंगच टाकू दिला नाही!… विसरले? रोज विसरले? आणि तीच लादी सरबतवाल्यांच्या गाडीत चढवायची, ते बरं आठवलं!

हो, हो… अगं ऐक ना. ऐक! कोपऱ्यावरची सरबतवाली दवाखान्यात आहे… तीच, जाड चष्म्याची. गिऱ्हाइकाला देण्याआधी पहिला पेला स्वतः पिते ती. सकाळपासून ओकतेय. तिच्या नवऱ्याने टॉवेलात बांधलेला बर्फाचा तुकडा माझ्या टेबलावर आणून आपटला… मी टेबल पुसलं.

उरलेल्या लाद्या कुठे गेल्या?… त्याचा फोन बंद आहे म्हणून तर तुला विचारतेय!… माहीत नाही कसं? सकाळी बाजाराला जाताना तूच बसली होतीस ना गाडीत, त्याच्या शेजारी?… अट घालतेस? मला? घरातलं घरात ठेवू?… अगं, लोकांच्या पोटात गेल्यावर कसलं घरातलं!

अन्नतपासणीचे साहेब समोरच बसलेत… मीच बोलावलं… हो, माझ्याच कारखान्यावर… कुऱ्हाडीचा दांडा म्हण, काय म्हणायचं ते म्हण. पण पत्ता सांग!

कुठे?… शाळेच्या मैदानावर? आज तर पोरांच्या शर्यती आहेत तिथे!… साहेब, शाळेचं मैदान! सरबताची पिंपं ओतून टाकायला सांगा, आत्ताच्या आत्ता!

…तू ठेवू नकोस. ते दुसऱ्या फोनवर बोलताहेत… गप जरा, ऐकू दे… हं. नाही प्यायलं कोणी. पेले मांडत होते.

…आता तुमचं काय होणार? बघ ना, झालं काय ते. माझ्या दाराला सील. कामगार घरी. ती बाई सलाइनवर. जावईबापूंच्या अंगाला अजून काहीच लागलेलं नाही… धाकटी आहेस, म्हणूनच इतकी वर्षं त्याला पाठीशी घातलं… नाही. आता नाही… तोंड बघणार नाहीस? बरं…

हॅलो?… हॅलो?…

ठेवला. बहीणही माझ्याच खर्चात गेली, साहेब. लिहा, त्याचं नाव सांगते.