सिनेमातून काढलेला शिपाई

मंडळी, ऐका. आज आवाज बसलाय माझा, तेव्हा ओरडून सांगणं व्हायचं नाही. तुम्हीच जरा पुढं सरका. एक प्रश्न विचारतो. खोटं बोलणं पाप – हे लहान लेकरालाही ठाऊक. पण खऱ्यातलं निम्मं सांगितलं आणि निम्मं गिळलं, तर? त्याला काय म्हणायचं? लगेच मान हलवू नका. आधी गोष्ट ऐका.

वाघदरे म्हणून एक गाव. घरटी एक माणूस फौजेत. तिथं सुभेदार रावजी शेलार पेन्शनीवर आलेले. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, बोलणं मोजकं. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. तर त्या गावच्या माळावर सिनेमावाले उतरले. सिनेमा लढाईचा! आता लढाई म्हटली की रणगाडे पाहिजेत, हेलिकॉप्टर पाहिजे. ते काय मंडपवाल्याकडं भाड्यानं मिळतंय? ते फौजेकडंच. फौज म्हणाली – देतो. पण गोष्ट आधी आम्हांला दाखवायची, आणि सांगू ते काढायचं. रीतच आहे ही. आपला बैल शेजाऱ्याला दिला, तर कुठं जुंपणार ते विचारतोच ना आपण?

आबांना सल्लागार नेमलं. सलाम कसा ठोकायचा, बंदूक कशी धरायची, ते शिकवायचं. हिरोनं बंदूक धरली ती तान्ह्या बाळासारखी! हसू नका, तुम्ही-मी काय वेगळी धरली असती?

सिनेमाची गोष्ट लिहिणारी केतकी नावाची पोरगी होती. ती रोज आबांशेजारी बसायची, विचारायची. आबा कधी कुणाला बोलले नाहीत ते तिला बोलून गेले. विशीत असताना, हल्ल्यावर निघायच्या आधी, ते खंदकात बसून थरथर कापले होते. ओकले होते. बुटाची नाडी बांधता येईना. तेव्हा त्यांचे हवालदार शेजारी येऊन बसले, त्यांनी नाडी बांधली आणि म्हणाले, "मलाही भीती वाटतीय. माझ्याजवळ राहा." बस्, एवढंच. त्या एवढ्यावर आबा उठले आणि चालले.

केतकीनं तो प्रसंग जसाच्या तसा लिहिला. फौजेकडून कागद परत आले, त्यात नेमका तोच प्रसंग खोडलेला. कर्नलसाहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं, की हा सिनेमा बघून पोरं भरतीला यायची आहेत. कापणारा शिपाई बघून कोण येईल? पोरगी अडून बसली. मग साहेबांनी आबांकडं पाहिलं. "सुभेदारसाहेब, तुम्ही सांगाल तसं. ठेवायचा?"

मंडळी, आबांचा एक शब्द पुरला असता. पण गाव बघणार, लेक-जावई बघणार, आणि हा कापणारा शिपाई कोण ते एखाद्यानं ओळखलं तर? आबा म्हणाले, "काढा."

अहो, आपल्या पुराणांत मोठमोठे वीर रणात गळून बसलेत, रडलेत. कुणी ते पान फाडलं नाही. आम्ही मात्र शहाणे!

सिनेमा लागला. तालुक्याच्या मैदानात तंबू ठोकून फुकट दाखवला. बाहेर हिरोचं हे मोठं चित्र, त्याखाली भरतीचं टेबल. आबांना फेटा बांधला, हार घातला. आणि आबांचा नातू निखिल, लेकीचा मुलगा, तोच सिनेमा पुन्हा पुन्हा बघून आला आणि भरतीसाठी माळावर पळायला लागला. लेक मालन बापाजवळ आली. तिनं सरळ विचारलं, "आबा, असंच असतं का वो तिथं?"

आबा म्हणाले, "असंच असतं."

पोरगा भरती झाला. पेढे वाटले. सरहद्दीवर गेला, आणि पहिला गोळीबार झाला तेव्हा तोही थरथर कापला. कुणाला कळलं नाही. त्यानं कळू दिलं नाही. सिनेमात कुणी कापलं नव्हतं, तेव्हा कापणारा जगात आपण एकटेच, असं त्या लेकरानं मनाशी धरलं. झोप गेली. अन्न गोड लागेना. सुट्टीवर आला तो गोठ्यात जाऊन बसायचा. परत जायचा दिवस उजाडला तरी वर्दी घालीना. मालननं बापाला बोलावून घेतलं.

आबा गोठ्यात गेले, त्याच्याशेजारी टेकले. निखिल खाली बघत म्हणाला, "आबा, तुमच्या वंशात मी एकटाच भित्रा निघालो."

तेव्हा आबांनी सांगितलं. खंदक, ओकारी, बुटाची नाडी, हवालदार, सगळं. सिनेमातून कुणी काढलं, तेही सांगितलं. निखिलनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे मी जायच्या आधी का नाही सांगितलं?"

 

त्याच दुपारी निखिलनं वर्दी चढवली. परत गेला. आईच्या पाया पडला, देवाच्या पडला. आबांच्या पडला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा तंबू लागला, आबांना पुन्हा बोलावणं आलं. आबांनी फेटा नाकारला, पण माईक हातात घेतला आणि भरल्या तंबूत तो काढलेला प्रसंग सांगितला. शेवटी म्हणाले, "तो शिपाई मी होतो." काही बायकांनी पोरांचे हात धरून त्यांना घरी नेलं. काही पोरं टेबलापाशी जाऊन उभी राहिलीच. साहेब नाराज झाले. आबांना पुन्हा कधी बोलावलं नाही. निखिल दिवाळीत आला तेव्हा ही गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. आबांजवळ बसून जेवला. पाया पडला का? नाही पडला. पण जेवला.

मंडळी, पोरांना अडवा असं मी सांगत नाही. अडवणारा मी कोण? पण तिथं मागं भिंतीला टेकून बसलेत ना, फौजेतून आलेले, त्यांना हात जोडून विचारतो. परत आलात तेव्हा गावानं विचारलं, कसं होतं? आणि तुम्ही हसून चहा मागितलात. खरं ना? उद्या पहाटे याच देवळावरनं पोरं पळत जातील. मी थकलोय आता. माझं ऐकून ती थांबायची नाहीत, आणि थांबवायचंही नाही. पण चार पावलं त्यांच्याबरोबर चाला. काय बोलायचं, ते तुम्हांला ठाऊक आहे.

मृदंग राहू द्या आज. नाम घ्या, हळूच.