आग्नेयला अठरा

...नाय नाय, तुम्हीच सांगा, आगीला दिशा कळती का? पूर्व-पश्चिम बघून लागती का आग? पण आमच्या तात्यासाहेबांना कोण सांगणार! चितेगावात एवढं मोठं गोडाऊन बांधलं, फोम आन् बारदाना ठेवायला, बेचाळीस मीटर लांब, एकवीस रुंद, आत बैलगाडी वळवून घ्या! तिथं आमचा सोमनाथ छताला टोप्या बसवायला गेलता. टोप्या म्हंजे ते हीट डिटेक्टर हो, पांढऱ्या वाटीएवढं असतंय, खाली पेटलं की ते तापतं आन् घंटी वाजवतं. आन् मी कडुबा, त्याची शिडी खालून धरणारा. सोळा वर्षं झाली, तुम्हाला सांगतो, सोमनाथच्या तोंडापेक्षा त्याचे तळवे मला जास्त ओळखीचे!

तर सोमनाथला एकच खूळ. सात मीटर! भिंतीपासनं साडेतीन, मग दर सात मीटरवर एक टोपी. "कडुबा, गरम हवा सरळ वर जाती, छताला धडकती, मग पसरती. टोपी लांब असली तर हवा तिथवर जाईस्तोवर खालचं माणूस संपतं." लई तळमळीनं सांगायचा हो! मी म्हणायचो, "व्हय बाबा, सात मीटर." तीन लायनी, लायनीत सहा, अठरा टोप्या. त्यानं फरशीवर खडूनं अठरा फुल्या मारल्या, वाकून वाकून कंबरडं मोडलं त्याचं.

आन् मग आले तात्यासाहेब, संगं वास्तूवाले गुरुजी. गुरुजींनी होकायंत्र काढलं, डोळे मिटले... "अग्नीचं स्थान आग्नेय. बाकी ठिकाणी टोप्या लावणं म्हणजे तिथं आगीला आमंत्रण देणं!" आमंत्रण! जशी काय अक्षत मिळाल्याबिगर येतच नाय ती! तात्यासाहेब लगेच, "सोमनाथ, तमाम अठरा आग्नेयला लाव." हा म्हणतो, "साहेब, सात मीटर..." "अरे, चोराचं घर मालूम असताना पहारा गावभर कामून बसवायचा?" दोन दिवस भांडला सोमनाथ. मग ठेकेदाराचा फोन आला, गिऱ्हाईक म्हणतंय तसं कर, नायतर उद्यापासनं येऊ नको. सोमनाथ चपलेनं एकेक फुली पुसत चालला.

नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात गोजरबाई बसायची, पोती शिवत. साठीची बाई, तोंडाची तिखट. ती म्हणली, "लेकरा, माझ्या डोक्यावरची काहून पुसतो? राहू दे की एक."

"मावशी, मालक नाय म्हणतेत."

"बरं बाई! आग आलीच तर तिचा हात धरून आग्नेयला नेऊन सोडीन!"

हसलो की हो आम्ही! सोमनाथ सुद्धा हसला.

चैत्रात लागली आग. भर दुपारी, जेवायच्या सुट्टीत. समदे बाहेर लिंबाखाली, गोजरबाई तेवढी पोत्यावर आडवी झालेली. तिच्याच कोपऱ्यात भिंतीतली वायर पेटली, फोमनं धरली, आन् फोमचा धूर कसा असतो... जाऊ द्या. घंटी वाजली ना! वाजली! पण तवर बाहेरच्यांना दारातनं धूर दिसलाता. आगीला दिशा कळत नाय हो... गोजरबाई गेली. सोमनाथ तिच्या दहाव्याला गेला आन् लांब उभा राहिला. मला म्हणला, "कडुबा, एक टोपी चोरून लावायला पायजे होती." शिडी मीच धरली होती ना!

आता तात्यासाहेब वाईट माणूस नाय, हे बी सांगितलं पायजे. ढसाढसा रडले. वरसभरात गोडाऊन परत बांधलं, गुरुजींना उंबरा चढू दिला नाय, गोजरबाईच्या लेकीला, रूपाला, कामाव घेतलं, आन् सोमनाथला म्हणले, "तू म्हणशील तसं." बस्स! सात मीटर! सोमनाथनं टेप तीन-तीनदा लावला. अठरा टोप्या, छत कसं गोंडस दिसायलं.

मग चाचणी. सोमनाथनं टोपीला गरम हवा दिली, घंटी वाजली. आन् रूपा किंचाळली, "आये, ऊठ!" धावली त्या कोपऱ्यात, पोती उपसायला लागली, "आये, ऊठ ना!" तिला बघून समद्या बाया रडायला लागल्या. दुसऱ्या महिन्यात चाचणी, पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्यात पोरीची नखं फाटली पोती उपसून. तात्यासाहेब डोळे पुसत म्हणले, "सोमनाथ, बंद कर बाबा ती घंटी. बघवत नाय."

मला वाटलं आता हा भांडणार. मी शिडी घट्ट धरली. सोमनाथनं रूपाकडं बघितलं... मग चढला. घंटीची वायर त्यानंच काढून टाकली, स्वतःच्या हातानं.

तर आता बघा, कोण बी येऊन मोजा, अठराच्या अठरा टोप्या बरोब्बर सात मीटरवर हायती. आग लागली, तर त्यांना लगेच कळंल. आपल्याला नाय.