चंद्राताईंची उसनी जीभ

अध्यक्षस्थानी बसलेले गुरुजी, किसनदादा, पोशेऱ्याहून सकाळच्या एसटीनं आलेल्या ताईंच्या बहिणी आणि भावकी, जव्हार-मोखाड्याची सगळी मंडळी.

चंद्राताईंच्या या शोकसभेत मला बोलायला सांगितलं, कारण मी वार्ताहर आहे. लोकांना वाटतं, ज्याला लिहिता येतं त्याला बोलताही येत असणार. अशा सभांच्या बातम्या मी वीस वर्षं लिहितोय. 'मनमिळाऊ स्वभाव', 'कधीही न भरून येणारी पोकळी', 'सर्वत्र हळहळ'. ही वाक्यं माझ्याकडे कायम नोकरीला आहेत. बोलावलं की येतात. आज सकाळपासून बोलावतोय, एकही आलेलं नाही.

ही सभा शाळेच्या सभागृहात घ्यावी, असं काहींचं म्हणणं होतं. दारू मिळते त्या जागी कशाला, म्हणून. गुरुजी म्हणाले, "बाई जिथे उभ्या राहिल्या, तिथेच सभा होईल." गुरुजी, मी आपला आभारी आहे. पावसाळ्यातल्या दर रविवारी आपण इथे केवळ बांबूच्या कोंबांची भाजी खायला येत होतात, याचीही सभेनं नोंद घ्यावी.

हसा, मंडळी. ताईंना चाललं असतं.

बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. चंद्रकला ही पोशेऱ्याची, भात-नागली पिकवणाऱ्या घरातली मुलगी. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात ग्लास विसळायला लागली. विसळता विसळता काउंटरच्या आत गेली आणि कॉकटेल करायला शिकली. मग नवऱ्याला, म्हणजे या किसनदादांना, घेऊन जव्हारला परत आली आणि हे दुकान काढलं. दारावर पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. टेबलं पाच, म्हणून सगळं गाव याला 'पाच टेबलं' म्हणतं. किसनदादांची भाकरी, उडदाची आमटी, गावठी कोंबडी. आणि ताईंचे ग्लास. त्यांत करवंद, जांभूळ, गवती चहा, मोहाच्या फुलांचा पाक. पाक, बरं का. अबकारी खात्याचं कुणी बसलं असेल, तर त्यांनी हा शब्द नीट ऐकावा.

शेकर हलवण्याआधी ताई बांगड्या कोपराकडे सरकवायच्या. गिऱ्हाइकानं आधी भाकरीचा घास घेतल्याशिवाय ग्लास पुढे यायचा नाही. आणि दिवसातल्या पहिल्या ग्लासातले चार थेंब त्या दाराशी, मातीत सोडायच्या. धरतरीला, धरणीमातेला. शहरातले पाहुणे त्याचा व्हिडिओ काढायचे. ताई म्हणायच्या, "काढा काढा. ती काय लाजत नाय."

मी त्या खिडकीपाशी बसायचो. आठवड्यातून दोनदा. एक ग्लास, दोन भाकऱ्या. इथे मला 'पंडित' म्हणायचे, कारण लहानपणी सहा वर्षं मी पाठशाळेत संस्कृत घोकलंय. ही माहिती मी स्वतःच एकदा, दुसऱ्या ग्लासानंतर दिली होती.

आणि मग तीन वर्षांपूर्वी ताईंच्या घशाचा आजार निघाला. मुंबईला किरणांचे उपचार झाले. ताई परत आल्या, वाळलेल्या, पण हसत. आठ दिवसांनी एका दुपारी मला बोलावलं. दुकान उघडायला वेळ होता. पाचही टेबलं रिकामी. माझ्यापुढे एक ग्लास ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, पिऊन सांगा. कसा लागला?"

मी म्हटलं, "तुम्हीच चाखलं असेल की."

"चाखला. मना काय कळत नाय. जिभेवर गोणपाट टाकलाय कोणी. साखर बी गोणपाट, लिंबू बी गोणपाट."

"दादांना विचारा ना."

"त्यांना सगळाच गोड लागतो. मी केलाय म्हणून."

किसनदादा, तुम्ही आत भांडी घासत होतात. तुम्ही ऐकलंत आणि भांडी जोरात आपटलीत. मला आठवतंय.

तर मंडळी, मी त्यांची जीभ झालो. मला वाटलं, सोपं आहे. मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय. सहा रस मला पाठ होते. मी घोट घेतला आणि म्हणालो, "प्रथम आम्ल, पश्चात किंचित कषाय."

ताई बघत राहिल्या. "भाऊ, आंबट म्हणजे कसा आंबट? पोशेऱ्याच्या चिंचेसारखा, का शाळेपुढच्या गोळीसारखा? आणि तो कषाय का कोण, त्याला कधी भेटलात का?"

भेटलो नव्हतो. चाळीस वर्षं शब्द माहीत होता, ओळख नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कच्चं टेंभुरणीचं फळ चावायला लावलं. तोंड असं आवळलं, की अर्धा तास मला नगरपालिकेच्या विरोधातही काही बोलता येईना. ताई टाळ्या वाजवत होत्या. "आता सांगा, कालचा तसा होता का?" मी मान हलवली. तसा नव्हता. म्हणजे आदल्या दिवशी मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं होतं.

बावन्नाव्या वर्षी मी चव शिकलो. जिभेच्या टोकाला काय लागतं, मागे काय, गिळल्यावर काय उरतं. मोहाचं फूल पहाटे वेगळं लागतं, उन्हात वेगळं. हे मला कुणी शिकवलं? जिला स्वतःला काहीच लागत नव्हतं, तिनं.

पण मी तिला एकदा फसवलं. नाही, दोनदा. म्हणूनच मी आज बोलायला उभा राहिलोय.

पहिल्यांदा आवळ्याचा एक ग्लास होता. कडू झाला होता, चांगलाच कडू. पण त्या दिवशी त्या फार थकलेल्या दिसत होत्या. मी म्हणालो, "अत्युत्तम." संध्याकाळी नाशिकचे चौघे आले, त्यांनी तोच मागवला. चारही ग्लास भरलेले परत आले. किसनदादांनी ते माझ्या टेबलावर आणून ओळीनं मांडले.

ताई समोर येऊन बसल्या. मला वाटलं, आता ऐकवणार. त्या एवढंच म्हणाल्या, "आंधळ्या बाईचा हात धरून रस्ता पार करताना, तिला बरा वाटावा म्हणून गाडी येत नाय असा सांगाल का?"

मी उठून ते चारही ग्लास मोरीत ओतले.

मग हसल्या. "पण भाऊ, आता मना समजला तुमचा. तुम्ही खरा बोलता तेव्हा साधा बोलता. खोटा बोलता ना, तेव्हा संस्कृत येतो."

त्या दिवसापासून मी 'रमणीय' म्हटलं, की ग्लास सरळ मोरीत. 'सुंदर' म्हटलं, तर "अर्धा खोटा" म्हणून पुन्हा करायला घ्यायच्या. बायकोलासुद्धा माझं इतकं कळलेलं नाही. तीही इथे बसली आहे. आता तिलाही कळलं.

आता दुसऱ्या वेळेचं सांगतो. मला थोडं पाणी द्या.

आजार परत आला, हे सगळ्यांना माहीत आहे. या वेळी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मोखाड्याच्या रस्त्यानं ताईंना पोशेऱ्याला नेलं. मी जायचो. काय करणार जाऊन? बातमी लिहून आजार थांबत नाही. सहा वर्षं घोकलेल्यातलं एक अक्षर तिथे उपयोगाचं नव्हतं. मी खाटेशेजारी बसून कुठे काय छापून आलं ते वाचून दाखवायचो, आणि ताई माझ्यासाठी डोळे उघडे ठेवायच्या. कोण कुणाला धीर देत होतं, मला ठाऊक नाही.

त्यांच्या डोक्यात एक ग्लास होता. मोहाच्या फुलांचा पाक, आवळा, आलं. कडूपणा जाऊन आवळा राहिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या कडू ग्लासाचं उट्टं काढायचं होतं त्यांना. त्या सांगायच्या, किसनदादा करायचे, मी चाखायचो. कधी पाक जास्त, कधी आलं जास्त. त्या पुन्हा सांगायच्या.

शेवटच्या दिवशी तो जवळजवळ जमला होता. खरंच जमला होता. फक्त मीठ नव्हतं. चिमूटभर मीठ पडलं असतं, तर आवळ्याचा कडवटपणा मागे सरला असता. मला स्वच्छ कळलं. हे त्यांनीच शिकवलेलं.

"भाऊ, कसा लागला?"

आवाज इतका बारीक होता, की मी ओठांवरून ओळखलं. मला दोन अक्षरी शब्द सांगायचा होता, मंडळी. मीठ. मला वाटलं, आता पुन्हा करायला लावतील, पुन्हा दमतील. उद्या सांगू. मी म्हणालो, "परिपूर्ण."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी वाट बघत होतो, की आता म्हणतील, "मोरीत टाका." नाही म्हणाल्या. हसल्याही नाहीत. डोळे मिटले आणि दादांना म्हणाल्या, "झाला. असाच ठेवा."

उद्या सांगायला ताई राहिल्या नाहीत.

त्यांना कळलं होतं का? कळूनही त्यांनी मला सोडून दिलं? का त्या इतक्या थकल्या होत्या, की माझं संस्कृतही त्यांना ऐकू आलं नाही? रोज विचारतो स्वतःला. यातलं कुठलं बरं, तेही मला ठरवता येत नाही.

किसनदादा, आज तुम्ही तो ग्लास प्रत्येकापुढे ठेवलाय. गुरुजींपुढे दारूशिवायचा. मघाशी मला म्हणालात, "तिनं ठरवला तसाच ठेवणार पंडित. एक थेंब इकडचा तिकडे नाय." म्हणूनच हे सगळ्यांपुढे सांगतोय. कारण तो तिनं ठरवलेला नाही, दादा. मी खोटं बोललो म्हणून तो तसा राहिला. तुम्ही जन्मभर तो तसाच कराल, आणि पिणारा प्रत्येक जण म्हणेल, चंद्राताईंच्या हातचं काहीतरी कमीच होतं.

त्यांच्या हातचं काही कमी नव्हतं. माझ्या तोंडचं होतं.

चंद्राताई, आता साधं बोलतो. ग्लासात मीठ कमी होतं.

दादा, रडू नका. किंवा रडा, मी कोण सांगणारा. पण एकदा आत जा आणि मिठाची वाटी घेऊन या. आपण सगळे उभे राहू. कुणी काही बोलू नका. प्रत्येकानं आपापल्या ग्लासात चिमूटभर टाका, आणि पिण्याआधी चार थेंब त्या दाराशी मातीत सोडा.

मी चाखीन. बरोबर झालेलं मला कळेलही. फक्त "कसा लागला" म्हणून मला कुणी विचारणार नाही.

उभे राहू या.