बद्रीच्या गाडीतली खोट

मला आधी एक सांगा... माणसानं विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवायचा, तोंडावर का हातावर? नाय, घाई नाय, विचार करून सांगा. मी मोंढ्यातला सरकी-पेंडीचा व्यापारी, गिऱ्हाईक 'नको' म्हणून पायरी उतरून परत पायरी चढंस्तवर गप बसायची सवय आहे मला. तुम्ही म्हणाल तोंडावर. तोंडावर विश्वास ठेवून माझ्या सासऱ्यानं मला पोरगी दिली, जाऊन विचारा त्यांना आता काय वाटतंय. मी शाळा सातवीत सोडली, पण दुकान टाकायच्या आधी अन् टाकल्यावरही, तीस वर्षं छावणीच्या गुरुवारच्या बाजारात बैलांचे सौदे केले, अन् तिथं एकच शिकलो की तोंड कायबी बोलतं, हात खोटं बोलत नाय. असं मी समजत होतो. परवापर्यंत समजत होतो...

तुम्ही शहरातली माणसं, तुम्हाला टॉवेलखालचा सौदा माहीत नसणार, म्हणून सांगतो. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नायत. चारचौघांत भाव फुटला की शेजारचा बैलवाला कान टवकारतो. म्हणून घेणाऱ्यानं अन् विकणाऱ्यानं उजवे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, वरून टॉवेल टाकायचा, अन् घेणाऱ्यानं विकणाऱ्याची बोटं दाबायची. पहिली पकड मोठ्या आकड्याची, म्हणजे हजारांची, दुसरी पकड वरच्या आकड्याची, म्हणजे शेकड्यांची, जेवढी बोटं तेवढे. पटलं तर विकणारा म्हणतो 'दिला'. नाय पटलं तर तो घेणाऱ्याची बोटं धरून भाव वर नेतो. तोंडानं आपलं चालूच असतं, यंदा पाऊस कसा काय, पोरीचं लग्न जमलं का, अन् टॉवेलखाली हाणामारी!

माझा जोडीदार बद्रीनाथ. मूळ पैठणकडचा, आता पुंडलिकनगरात घर बांधून राहतो. कधी मी घेणारा अन् तो विकणारा, कधी उलटं. तीस वर्षं एकमेकांची बोटं दाबली आम्ही, बायकोचा हात एवढ्या वेळा धरला नसंल. अन् माझी एक खोड होती, बैल कसाही असो, खिलार असो का लंगडा असो, वरच्या पकडीला मी पहिल्यांदा एकच बोट दाबायचो. एक! पुढं बघू. बाजारात मला नावच पडलं, एकबोट्या सांडू. मग बद्री टॉवेलखाली माझी बोटं धरून असा भाव वर न्यायचा, असा वर न्यायचा, की मनगटाला रग लागायची अन् वर तोंडानं विचारायचा, 'वहिनीची कंबर कशी आहे?'

वहिनीची कंबर, त्याच्यावरूनच झालं सगळं. आमच्या मंडळींनी सांगून टाकलं, तुमच्या दुचाकीवर आता मी बसणार नाय, चारचाकी आणा. म्हणलं आणू, जुनी आणू. गेलो जालना रोडला, जुन्या गाड्यांची दुकानं फिरलो. तुम्हाला सांगतो, सहा गाड्या बघितल्या अन् सहाच्या सहा डॉक्टरच्या. "चाचा, डाक्टर साब की गाड़ी है, घर से दवाखाना, दवाखाने से घर, एकदम मक्खन।" अरे, सगळे डॉक्टर गाडीतून दवाखान्यात जाऊन गाड्या विकत होते, तर मग आजारी माणसांना बघत कोण होतं? एका मक्खन गाडीची सीट उचलली तर खाली कोंबडीची पिसं. म्हणलं, डॉक्टर कोंबड्यांचा होता का? तर तो म्हणतो, "चाचा, आप बहुत बारीक देखते।" बघणारच! खोट कुठंतरी असतीच.

अन् अशात बद्रीचा फोन. "सांडू, माझी गाडी काढायची आहे. तूच घे."

आता ही गाडी म्हणजे काय, तुम्हाला कल्पना नाय. पांढरी, दोन हजार बाराची, अन् रोज सकाळी बद्री तिला आंघोळ घालायचा, स्वतः नंतर करायचा. आत चप्पल घालून बसू द्यायचा नाय. त्याच्या गाडीत बसलेल्या पाहुण्यांचे जोडे कायम मांडीवर. अन् ही गाडी काढायची? का? तर म्हणतो, कंटाळा आला. ऐकलं का, कंटाळा आला! तीस वर्षं मी स्वतः बैल विकताना सांगत आलो की कंटाळा आला, जागा नाय, पोरं करत नायत, अन् दर वेळेला बैलाच्या खुरात कायतरी असायचं. मला शिकवतो व्हय? म्हणलं सांडू, सावध. दोस्त दोस्ताच्या जागी. खोट कुठंतरी असतीच.

मग मी खोट हुडकायला लागलो. वाळूज रोडचा आपला राजकुमार मेकॅनिक, त्याला बरोबर घेतला, चहा-नाश्ता घालून घेतला. लोहचुंबक नेला, पत्र्याला लावून बघितला, कुठं पोचा बुजवायला लांबी भरली आहे का. भरलेली नाय. तेल बोटावर घेऊन वास घेतला. गालिचा उचलून बघितला. गाडीखाली आडवा झालो, या वयात, पांढऱ्या धोतरात... उठवायला दोन माणसं लागली. शेजारच्या घरी जाऊन हळूच विचारलं की गाडी कुठं ठोकली-बिकली होती का, तर ते गुरुजी म्हणाले, गाडी नाय ठोकली, पण गाडीला टेकून उभा राहिलो म्हणून बद्रीनाथरावांनी मला ठोकायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. राजकुमार हात पुसत म्हणाला, "शेठ, डोळे झाकून दीड लाख. एक रुपया कमी मागू नका, पाप लागंल." म्हणलं तू पान्हे सांभाळ, पाप मी सांभाळतो.

गाडीत कायच सापडंना, तसा मी जास्तच भ्यालो. अन् बद्रीचं वागणं बघा. चावी दिली ती डाव्या हातानं, लांबूनच फेकून. आमच्यात डाव्या हातानं कुणी चावी देतं का? चक्कर मारायला निघालो तर स्वतः स्टिअरिंगला बसंना. जी गाडी कुणाला हात लावू देत नव्हता ती म्हणतो, तू चालव. मी मनात म्हणलं, बघा! चालवताना कायतरी आवाज येत असंल, तो दाखवायचा नाय याला. मी सेव्हन हिल्सच्या पुलापर्यंत कान लावून चालवली. आवाज फक्त बद्रीच्या श्वासाचा.

परत आलो, सरूवहिनींनी, म्हणजे बद्रीच्या मंडळींनी, चहा आणला. कप उचलताना माझा धक्का लागला अन् कढत चहा बद्रीच्या उजव्या हातावर सांडला. मनगटापर्यंत. गडी हललाबी नाय! हात जागचा उचलला नाय. माझ्याकडं बघून तसाच हसत बसला. मी काय म्हणालो माहिताय मनात? म्हणलं, वा रे व्यापारी! याला म्हणतात मुरलेला माणूस, सौद्याच्या वेळंला चेहऱ्यावर चहाचा चटका दाखवत नाय. खोट लपवायची तर अशी लपवावी. वहिनी पटकन पदरानं त्याचा हात पुसत होत्या अन् मी मनातल्या मनात त्याचं कौतुक करत होतो...

मग मी म्हणलं, बोल आता, काय घ्यायचं? बद्रीनं खांद्यावरचा टॉवेल काढला. तोच चौकड्याचा, बाजारातला. म्हणाला, बाजार सोडला म्हणून रीत सोडायची का?

टाकला टॉवेल. घेतला त्याचा हात हातात. गार लागला, पण म्हणलं गाडी जायची म्हणून असंल. पहिली पकड लाखाची, एक बोट. दुसरी पकड वरच्या दहा हजारांची... अन् तुम्हाला सांगतो, राजकुमार दीड सांगून गेला होता, मला पाच बोटं दाबायची होती, गाडीत खोट नव्हती, माणूस दोस्त होता. पण हाताला सवय असती ना. एकच दाबलं. एक लाख दहा हजार. म्हणलं, आता हा माझी बोटं धरंल अन् नेईल वर, तीस वर्षं नेतच आला की.

"दिली," बद्री म्हणाला.

घ्या! लगेच! बोट हललं नाय, घासाघीस नाय, दिली. तुम्हाला वाटंल मी खूश झालो. अहो, मला घाम फुटला. पहिल्या बोलीला दिली म्हणजे खोट नक्की! वर मनात कळ उठली, की नव्वद हजाराला मागितली असती तरी यानं दिलीच असती... माणूस किती नालायक असतो बघा, दोस्ताला चाळीस हजाराला कापून उभा होता अन् रडत होता की वीस हजार राहिले.

बद्री कागदं काढायला आत गेला. पैसे माझ्या पिशवीतच होते, दीड लाख मोजून आणलेले, लागले तर असावेत म्हणून. वहिनी हळदी-कुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्या, गाडीला लावायला. कुंकू लावता लावता माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "भाऊजी, आकडा काय ठरला?"

मी चक्रावलो. टॉवेलखालचा आकडा बाया कधी विचारत नायत. म्हणलं, बद्री सांगंल की तुम्हाला.

"त्यांना कुठं माहिताय," वहिनी म्हणाल्या. "दोन महिने झाले, झोपेतून उठले अन् हात गेला. बारीक झटका होता म्हणाले डॉक्टर. उजव्या हाताला काय लागत नाय, गार नाय, गरम नाय. वळत पण नाय. कुणाला सांगू देत नायत. मी म्हणलं, भाऊजींशी तोंडानं बोला तेवढं. तर म्हणले, सांडू आहे, तो दाबंल तेच बरोबर."

आता तुम्ही सांगा, माणसानं काय करायचं?

आत जाऊन तोंडानं म्हणू का, की बद्री, मी कमी दाबलं, दीड लाख घे? म्हणजे त्याला कळणार की मला कळलंय. दोन महिने चहा सांडून घेऊन जे झाकलं ते मी उघडं करायचं? अन् गप बसू, तर एक लाख दहा... त्याच्या मेलेल्या हातात दाबलेले. मी शहाणा माणूस, मी तिसरी वाट काढली. त्याला आकडा माहीतच नाय ना? मग आकडा काय, मी म्हणंल तो! बद्री बाहेर आला तशी दीड लाखाची तीन बंडलं त्याच्या पुढ्यात ठेवली अन् म्हणलं, घे, ठरल्याप्रमाणं.

बद्रीनं पैसे टॉवेलवर पसरून डाव्या हातानं मोजले. हळू मोजले. माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "बरोबर."

मग म्हणाला, दोन मिनिटं एकट्याला बसू दे गाडीत. मी अन् वहिनी फाटकापाशी पाठ फिरवून उभे राहिलो. मला वाटलं रडत असंल, रडू द्यावं. मी आपला मनात फुगलो होतो, काय डोकं लावलं सांडू, दोस्ताची लाजबी राखली अन् पैसेबी दिले! वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. कागदावर बद्रीनं अंगठा टेकवला, डाव्या हाताचा. ज्याची सही वहीत दोन ओळी खायची, त्यानं. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं अन् गाडी काढली.

पेट्रोल पंपावर सुट्टे शोधायला समोरचा खण उघडला, तर आत टॉवेल. चौकड्याचा. गुंडाळी उलगडली तर पाचशेच्या नोटा. मोजल्या. ऐंशी. मागचा हॉर्न वाजवतोय, पंपावरचा पोरगा "काका, किती टाकू" विचारतोय, अन् मी परत मोजतोय. ऐंशीच.

फोन लावला. म्हणलं, बद्री, चाळीस हजार राहिले तुझे गाडीत. तर म्हणतो, माझे नायत, तुझे आहेत, मी एक लाख दहाला दिली होती. म्हणलं, तुला कुणी सांगितलं एक लाख दहा?

तर हसला. "सांडू, तीस वर्षांत वरच्या पकडीला तू पहिल्यांदा एकाच्या पुढं कधी बोट दाबलंस का? त्याला हात कशाला लागतो?"

मी चिडलो... कुणावर चिडलो माहीत नाय, पण चिडून म्हणलं, मग वर का नाय नेलंस? कायम न्यायचास, मनगट पिरगाळायचास माझं, आजच दिली कशाला म्हणालास?

फोनवर नुसती कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाला, "वर न्यायला समोरच्याचं बोट धरावं लागतं रे."

मी म्हणत होतो ना, खोट कुठंतरी असतीच? पत्र्यात हुडकली, तेलात हुडकली, गाडीखाली लोळून हुडकली. एक खोट माझ्याच हातात होती, टॉवेलखाली, गार पडलेली, अन् हातावर विश्वास ठेवणाऱ्या मला ती कळली नाय. अन् दुसरी खोट माझ्या एका बोटात. ती त्याला तीस वर्षं माहीत होती. अन् तरी गाडी काढायची म्हणल्यावर पहिला फोन त्यानं मलाच केला.

आता दर गुरुवारी त्याला छावणीच्या बाजारात घेऊन जातो. घेत कायच नाय, नुसते बैल बघतो. गाडी माझी, पेट्रोल माझं, अन् शेजारी बसून म्हातारा मला ओरडतो, चप्पल काढून बस. मी ते चाळीस हजार त्याच्या घरात गादीखाली ठेवून येतो, पुढच्या गुरुवारी परत खणात असतात, टॉवेलासकट. सहा गुरुवार झाले. टॉवेल तेवढा वहिनी मधून मधून धुतात.

म्हणून तुम्हाला हात जोडून एक मागतो. तुम्ही आपला हिशोब खरा ठेवा, पै न पै लिहा, अन् दोस्ताचा असला तर सगळ्यात आधी लिहा. आमचं काय बघू नका... आम्ही दोघं तीस वर्षांत पहिल्यांदा आकड्यावरून एकमेकांशी खोटं बोललो, एक 'ठरल्याप्रमाणं' म्हणाला, एक 'बरोबर' म्हणाला, अन् तेव्हापासून चाळीस हजार कुणाचेच नायत.