अकरा मात्रांची शांतता

या समारंभाच्या अध्यक्षा, हेडनक्लफच्या नगराध्यक्षा मिसेस गॉडबर; टीव्हीवरच्या केकच्या स्पर्धेत निम्म्या इंग्लंडला रडवणारे परीक्षक, आजचे प्रमुख पाहुणे श्री. रूपर्ट हॅविल, व्यासपीठावर बसलेले ‘लँटर्न मार्श’ बँडचे कलावंत, ज्याला आपण आज निरोप देतोय तो त्यांचा ड्रमवादक, आपला लेस्ली पॉमफ्रेट, पहिल्या दोन रांगांतली नामवंत मंडळी, आणि वर गॅलरीत कोंबलेले माझे सभासद, तुम्हा सगळ्यांना विनिफ्रेड ऑग्डनचा नमस्कार.

मला पाच मिनिटं आणि एक विषय दिलाय, ‘लेस्लीच्या गोड आठवणी’. आठवणी पोत्यानं आहेत. पण आज गोड बोलायला माझी जीभ वळत नाही.

आत्ता हॅविलसाहेबांनी लेस्लीला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. निवृत्त माणसाला घड्याळ द्यायची आपल्याकडे रीतच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण देताना साहेब म्हणाले, “आता तरी मोजायला चुकू नका हं, लेस्ली!” आणि सभागृह हसलं. लेस्लीही हसला, तो बिचारा कुणाच्याही विनोदाला हसतो. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती अजून उतरलेली नाही.

चाळीस वर्षं मी या बँडच्या चाहत्यांच्या मंडळाची चिटणीस आहे. शाळेच्या कचेरीत कारकून होते, तिथल्याच यंत्रावर चोरून मंडळाचं पत्रक छापायची. त्या काळी प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकते म्हटलं की लोक नाक मुरडायचे. बावीस-बावीस मिनिटांची गाणी, ती पण साताच्या नाहीतर अकराच्या तालात! “यावर नाचायचं कसं गं?” असं माझी बहीण विचारायची. नाचायचं नसतं बाई, मोजायचं असतं, असं मी सांगायची. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

आता दिवस पालटले. हॅविलसाहेबांनी या बँडवर फिल्म काढली आहे, आणि तिच्यात बँडचे असे नामवंत चाहते आहेत, की ऐकून तुम्ही चाट पडाल. एक गोलकीपर, एक बातम्या सांगणाऱ्या बाई, मासेमारी खात्याचे एक माजी मंत्री आणि खुद्द साहेब. कुणी कुणाचा चाहता असावा याला माझी हरकत नाही. गोलकीपर मिस्टर डन्स्टन तर खरंच ऐकतात. मघाशी चहाच्या टेबलाशी त्यांनी मला विचारलं, की तिसऱ्या रेकॉर्डच्या दुसऱ्या छपाईत गाण्यांचा क्रम का बदलला? नकली माणसाला हा प्रश्न सुचत नाही.

पण एप्रिलमध्ये याच सभागृहात बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा काय झालं? ज्या रांगांत आम्ही चाळीस वर्षं बसलो, त्या नामवंतांना दिल्या. आयत्या बिळावर नागोबा! आम्हाला सांगितलं, कॅमेऱ्याला चेहरे ओळखीचे लागतात, तुम्ही वर बसा. गुडघे दुखणारी म्हातारी माणसं आम्ही, चढलो बापडे बावन्न पायऱ्या.

‘मार्श’ हे त्यांचं सगळ्यांत मोठं गाणं. चौदाव्या मिनिटाला चौघंही एकदम थांबतात. अकरा मात्रा काही म्हणजे काही वाजत नाही, आणि बाराव्याला चौघं एकदम कोसळतात. नवख्याला वाटतं, संपलं. तो तिसऱ्या मात्रेला टाळी वाजवतो. आमच्यात अशा माणसाला ‘तिसरा’ म्हणतात. जावई पहिल्यांदा घरी आला की लोक आधी हेच बघतात, पोरगा तिसरा आहे की काय! जाणता माणूस टाळी वाजवत नाही. तो गुडघ्यावर बोटं टेकवत मुकाट्यानं अकरा मोजतो.

एप्रिलमध्ये तिसऱ्या मात्रेला पहिल्या रांगेतून एक गृहस्थ उठून उभे राहिले आणि टाळ्या पिटू लागले. मागोमाग दोन्ही रांगा. मी गॅलरीतून डोळ्यांनी पाहिलं. साहेब, ते गृहस्थ तुम्ही होतात.

लेस्लीचा ठोका आठव्याला पडला. एकटाच. बाकीचे तिघं थांबलेलेच, टाळ्याही बंद पडल्या. गाणं तिथंच मोडलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘म्हातारा ड्रमवाला मोजायला विसरला’. चोर सोडून संन्याशाला फाशी! आता त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड काढणारी कंपनी म्हणते, बाकी सगळं ठेवू, ‘मार्श’मधला लेस्लीचा हात पुसून कुणा दुसऱ्याचा घालू. या माणसाचं शेवटचं वाजवणं परक्या हाताचं! एप्रिलपासून त्यानं काठ्यांना हात लावलेला नाही.

आता जे सांगणार आहे, ते सांगणार नाही असा मी त्याला शब्द दिला होता. लेस्ली, माझ्याकडे असं बघू नकोस. जन्मभर बोलला नाहीस तरी चालेल मला.

सहा वर्षांपूर्वी तो माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला होता, “विनी, माझ्या कानात शिट्टी वाजते, चोवीस तास. गाणं चालू असताना कळत नाही. पण सगळे थांबले की ती एवढी मोठी होते, की मला माझं मोजणं ऐकू येत नाही. मग मी तुमच्या गुडघ्यांकडे बघतो.”

कळलं? सहा वर्षं हा माणूस पहिल्या रांगेच्या बोटांवर मोजत होता. त्या दिवशी त्यानं खाली पाहिलं, तर बोटं नव्हती, टाळ्या होत्या. आणि चुकला कोण, तर लेस्ली!

थांबा मिसेस गॉडबर, घंटी ऐकली मी. संपवतेच.

हे ड्रम इथं शोभेला मांडलेत. बाकीचे तिघं इथंच बसलेत. कॅमेरे चालू आहेत, आणि कंपनीची माणसं तिकडे सँडविच खातायत. ‘मार्श’ आत्ता पुन्हा वाजवता येतं. पहिल्या दोन रांगांतल्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, कृपा करून उठा. माझे सभासद खाली आले की गॅलरीत जागा भरपूर होईल, बावन्नच पायऱ्या आहेत. मिस्टर डन्स्टन, तुम्ही बसून राहा.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि चहा-केकची व्यवस्था पाहणाऱ्या महिला मंडळाचे आभार. हॅविलसाहेब, म्हातारीच्या तोंडून अधिक-उणं गेलं असेल, ते पोटात घाला. तसे तुम्ही मनानं वाईट नाही. तुम्हाला ते गाणं ठाऊक नव्हतं, एवढंच. आणि ते तुम्ही एप्रिलमध्येच कबूल करायला हवं होतं.

चला रे, उतरा खाली सगळे. सावकाश, एडिथ, कठडा धर. बसा. हात गुडघ्यांवर.

लेस्ली, डोळे पूस आणि काठ्या घे. आम्ही समोर आहोत.