बरगडीवरचा डाग

नागपूरहून साकोलीला निघालेली एसटी. पुढच्या सीटवर खिडकीशी एक म्हातारा, मधे त्याची बायको. भंडाऱ्याला चढलेली त्यांच्या गावची पार्वताबाई कडेला टेकली.

"काय म्हणलं वं आनंदाबाई, डॉक्टरनं?"

"यायच्या फुप्फुसातला कॅन्सर हाडात गेला का, ते पाहाले सुई देऊन आंगभर स्कॅन केला. बरगडीवर डाग निंघाला."

"अवं माय."

"मंग तेवढ्याच जागेचा दुसरा फोटो काढला. डॉक्टर म्हणे, हा कॅन्सर नाही, बरगडी मोडून जुडून राहिली. बाबा, कुठं पडले होते का?"

"मंग?"

"मंग कबूल झाले. शंकरपटात छकड्यावरून पडलो म्हणे. मले वाटे, पट पाहाले गेले."

"या वयात शर्यतीत बैलजोडी हाकली?"

"असा खोकला घेऊन हाकली. बाकी हाडं साफ हायेत म्हणे. आता मी रडू का भांडू?"

"काहून लपवलं, भाऊजी? पडले तं सांगाचं होतं."

म्हातारा खिडकीकडून वळला.

"डॉक्टरले बराबर लिहाले सांगतलं मी. पडलो तो जोडी पहिली आल्यावर. त्याच्या आंधी नाही."